गुरूजवळ गेली की पृथ्वी फुटते का? एका चिनी सिनेमाच्या निमित्ताने

'द वॉण्डरिंग अर्थ' हा चिनी सिनेमा बघितलेल्या लोकांशी बोललं की सरळ दोन तट दिसतात. एक म्हणतो काय जबरदस्त काम केलंय, असं भव्य आशियात कुणी केलेलं नाही, आणि दुसरा म्हणतो सगळ्या थापा, विज्ञानाशी काडीचा संबंध नाही. मला हा सिनेमा मनापासून आवडतो आणि त्यातल्या चुकाही मला माहीत आहेत, पण दोन्ही तट ज्या एका गोष्टीवरून सगळ्यात जास्त भांडतात ती गोष्टच बहुतेकांनी अर्धवट समजून घेतलीय असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. सिनेमा ५ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे चिनी नववर्षाच्या दिवशी चीनमध्ये लागला आणि तिथे साडेचार अब्ज युआनच्या वर धंदा केला. एप्रिलअखेर तो नेटफ्लिक्सवर आला, आपल्याकडे बऱ्याच जणांनी तिथेच पाहिला. ल्यू त्सिशिन यांच्या २००० सालच्या कथेवर ग्वो फान यांनी तो केलाय. कथा अशी की सूर्य लवकरच फुगून पृथ्वीला गिळणार आहे, म्हणून माणसं पृथ्वीला दहा हजार अवाढव्य इंजिनं बसवतात, स्वतः जमिनीखालच्या शहरांत राहायला जातात आणि सगळा ग्रहच ४.२ प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्याकडे न्यायला निघतात, प्रवास २५०० वर्षांचा. वाटेत गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा फायदा घेऊन वेग वाढवायचा असतो, तिथे भूकंप होऊन हजारो इंजिनं बंद पडतात आणि पृथ्वी गुरूकडे ओढली जाते.

चीनमधल्या प्रेक्षकांना सगळ्यात जास्त भिडलं ते हे की संकट आल्यावर घर सोडून पळायचं नाही, घरच सोबत न्यायचं. आपल्या भाषेत, आपल्या माणसांना घेऊन एवढ्या पातळीचा विज्ञानपट होऊ शकतो याचा अभिमान तर होताच. तक्रारी पण होत्या, पात्रं उथळ आहेत, दर दहा मिनिटांनी कुणीतरी बलिदान देतं, रडारड जास्त आहे, आणि त्या मला पटतात. त्यातली रस्तासुरक्षेची घोषणा चीनभर लोकांच्या तोंडी झाली. तशीच आणखी एक गोष्ट लोकांच्या तोंडी आली, ती म्हणजे रॉश मर्यादा. गुरूच्या इतक्या जवळ गेलं की पृथ्वीचे तुकडे होणार, ही सिनेमातली लक्ष्मणरेषा. सिनेमा आवडलेले म्हणाले बघा किती अचूक विज्ञान आहे, न आवडलेले म्हणाले ती रेषा ओलांडल्यावर पृथ्वी लगेच फुटायला हवी होती, मग वाचली कशी. दोघंही तिला भिंत समजतात. तशी भिंत वगैरे काही नसते, आणि जे खरं घडतं ते भिंतीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

बाकीच्या आक्षेपांवर मी फार वेळ घालवत नाही. सूर्य फुगणार हे खरं, पण त्याला अजून साधारण ५०० कोटी वर्षं आहेत, शंभर-दोनशे वर्षांत असलं काही होत नाही. पृथ्वीला सूर्यमालेबाहेर काढायला लागणारी ऊर्जा हिशोबाने काढली तर सूर्य जवळजवळ ८० दिवसांत सगळीकडे मिळून जेवढी ऊर्जा टाकतो तेवढी भरते, दगड जाळून चालणाऱ्या इंजिनांतून ती कशी मिळणार याचं उत्तर सिनेमाकडे नाही. कथेसाठी एवढं मान्य करून पुढे जावं. गुरूचा उपयोग करून वेग वाढवणं मात्र शंभर टक्के खरं तंत्र आहे, व्हॉयेजर २ ने जुलै १९७९ मध्ये तेच केलं. पण यान काही मीटरचं असतं आणि पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे, सगळा घोळ इथून सुरू होतो.

गुरुत्वाकर्षण अंतरानुसार कमी होतं हे शाळेत शिकलोय. आता पृथ्वी गुरूजवळून जाताना तिची गुरूकडची बाजू गुरूला ६,३७१ किलोमीटरने जवळ असते, मधला गाभा मध्ये, आणि मागची बाजू तेवढीच लांब. म्हणजे पुढच्या बाजूला ओढ जास्त, मध्याला थोडी कमी, मागच्या बाजूला अजून कमी. मैदानावर पोरं एकमेकांचे हात धरून साखळी करून पळतात, पुढचा जोरात सुटतो, मधला बेताने आणि शेवटचा मागे राहतो, तेव्हा हातांना जो ताण बसतो तोच इथे पृथ्वीला बसतो. सगळेच एका दिशेला पळत असतात तरी साखळी ताणली जाते, तुटली तर ती या फरकामुळे तुटते. ओढ किती आहे यापेक्षा ओढीतला फरक किती आहे हे महत्त्वाचं. यालाच भरतीबल म्हणतात, कारण चंद्रामुळे समुद्राला भरती येते ती याच कारणाने. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं पण हा फरक घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर निम्मं केलं की ओढ चौपट आणि ताण आठपट. आणि ताण वस्तूच्या आकाराच्या सम प्रमाणातही वाढतो, म्हणून यानाला जे फुकटात मिळतं त्याची किंमत ग्रहाला मोजावी लागते. नासाचं जुनो यान गुरूच्या ढगांपासून चार-पाच हजार किलोमीटरवरून कितीतरी वेळा गेलंय आणि त्याला या ताणाने काही झालं नाही, कारण एवढ्याशा लांबीत फरक तो किती पडणार.

आता आकडे टाकून बघू, मजा इथेच आहे. समजा गुरू आपल्यापासून आज चंद्र आहे तेवढ्या अंतरावर आला, ३ लाख ८४ हजार किलोमीटर. गुरूचं वस्तुमान चंद्राच्या साधारण २५,८०० पट, म्हणजे ताणही तितकाच पट. चंद्रामुळे फक्त समुद्रच नाही तर जमीनही रोज वर-खाली होते, साधारण २०-३० सेंटिमीटर, तुमच्या-माझ्या पायाखालची सुद्धा, फक्त सगळंच सोबत हलत असल्याने कळत नाही. त्याला २५,८०० ने गुणलं तर उत्तर ५ ते ८ किलोमीटर येतं. खडक असा गुणाकार निमूटपणे मान्य करणार नाही, त्याआधीच तो तडकणार, पण केवढ्या ताणाबद्दल बोलतोय ते यावरून कळावं. आणि हे अजून रॉश मर्यादेच्या कितीतरी बाहेर, जवळपास साडेतीन पट लांब आहे!

म्हणून सिनेमातले भूकंप मला पूर्ण पटतात. सिनेमा त्याचं कारण असं देतो की गुरूच्या गुरुत्वाकर्षणात अचानक उसळी आली, हे मात्र चूक, गुरुत्वाकर्षण असं अचानक उसळत नसतं. त्याची गरजही नव्हती, पृथ्वी नुसती जवळ जात राहिली असती तरी ताण घनाच्या हिशोबाने चढत गेला असता आणि भूकंप झालेच असते. याचा जिवंत पुरावा गुरूच्याच अंगणात आहे. आयो हा गुरूचा उपग्रह, आकाराने आपल्या चंद्राएवढाच, गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर. त्याची कक्षा अगदी किंचित लंबगोल आहे, त्यामुळे त्याच्यावरचा ताण कमी-जास्त होत राहतो आणि आतला खडक सारखा मळला जाऊन तापतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी २ मार्च १९७९ ला छापून आलेल्या लेखात सांगितलं की आयोचा आतला भाग वितळलेला असणार. त्यानंतर आठवड्याभरातच व्हॉयेजर १ च्या फोटोत लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवरून ज्वालामुखीचा फवारा उडताना दिसला. गणित आधी, ज्वालामुखी नंतर. आज तिथे ४०० च्या वर जिवंत ज्वालामुखी माहीत आहेत. मला विचाराल तर खगोलशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या भाकितांपैकी हे एक आहे.

आता ती रेषा. एदुआर रॉश या फ्रेंच गणितज्ञाने १८४८ मध्ये हिशोब मांडला की एखादा उपग्रह पूर्ण द्रवाचा असेल, म्हणजे त्याला फक्त स्वतःचं गुरुत्वाकर्षण एकत्र धरून ठेवत असेल, तर मोठ्या ग्रहाच्या किती जवळ गेल्यावर तो फाटेल. सूत्र सोपं आहे, मोठ्या ग्रहाची त्रिज्या गुणिले २.४४ गुणिले दोघांच्या घनतेच्या गुणोत्तराचं घनमूळ. गुरूची घनता १.३३ आणि पृथ्वीची ५.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, भागाकार साधारण ०.२४, त्याचं घनमूळ ०.६२. गुरूची सरासरी त्रिज्या ६९,९११ किलोमीटर, गुणाकार केला की उत्तर १ लाख ६ हजार किलोमीटर. हे गुरूच्या केंद्रापासून, म्हणजे ढगांच्या वर ३६ हजार किलोमीटर. ठीक. पण पृथ्वी जर पूर्ण कडक, अजिबात न वाकणारी धरली तर २.४४ च्या जागी १.२६ येतो आणि उत्तर ५५ हजार किलोमीटर. गुरूची त्रिज्याच जवळपास ७० हजार आहे! म्हणजे कडक पृथ्वीसाठी ही मर्यादा गुरूच्या पोटात आहे, फुटायच्या आधीच ती गुरूत घुसलेली असेल.

मग पृथ्वी द्रव की कडक? इथे जरा नीट लक्ष द्या, थोडं किचकट आहे. ग्रहाच्या आकाराला खडकाची मजबुती फारशी कामाची नसते, गुरुत्वाकर्षणापुढे ती किरकोळ पडते, त्यामुळे पुरेसा वेळ दिला तर पृथ्वी द्रवासारखीच वागेल आणि लांबट होईल. पण पुरेसा म्हणजे किती? पृथ्वी लांबट-चपटी अशी डोलते तेव्हा एका डोलण्याला साधारण ५४ मिनिटं लागतात, मोठ्या भूकंपांनंतर हे मोजलेलं आहे. आणि गुरूच्या १ लाख ६ हजार किलोमीटर जवळून जाताना पृथ्वीचा वेग सेकंदाला ४९ किलोमीटरच्या आसपास असेल, म्हणजे तेवढंच अंतर कापायला ३६ मिनिटं. दोन्ही वेळा जवळपास सारख्या! पृथ्वी लांबट व्हायला लागते न लागते तोच सगळ्यात जवळचा टप्पा संपलेला असतो. त्या क्षणी गुरूकडे तोंड असलेल्या बिंदूवर ताण आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या १४ टक्के, म्हणजे ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर ५२ च्या आसपास भरेल, उडून गुरूकडे जाणार नाही. हवेचंही तसंच. सिनेमात पृथ्वीचं वातावरण लांब धुरासारखं गुरूकडे खेचलं जातं, दिसतं अप्रतिम. पण पृथ्वीचं राज्य या अंतरावरही केंद्रापासून साडेदहा हजार किलोमीटरपर्यंत चालतं, आणि आपली जवळजवळ सगळी हवा पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत आहे. पृथ्वी आधी भरपूर लांबट झाली तरच तिचं टोक त्या हद्दीपर्यंत पोचेल आणि हवा सांडेल. म्हणून रेषा ओलांडल्या क्षणी पृथ्वी का फुटली नाही हा आक्षेप टिकत नाही. ती फुटली नसतीच, पण तिच्यावर जिवंतही कुणी राहिलं नसतं.

मर्यादा ओलांडून खरोखर फुटलेली वस्तू आपण पाहिलीय. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू जुलै १९९२ मध्ये गुरूच्या अगदी जवळून गेला आणि त्याचे वीसच्या वर तुकडे झाले, ते तुकडे जुलै १९९४ मध्ये एकामागोमाग गुरूवर आदळले आणि ढगांत पृथ्वीएवढे काळे डाग उठले. तो भुसभुशीत होता, हलका होता, त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. उलट मेटिस हा गुरूचा इवलासा उपग्रह केंद्रापासून १ लाख २८ हजार किलोमीटरवर, म्हणजे त्याच्यासाठीच्या द्रव मर्यादेच्या आत (त्याची घनता पृथ्वीपेक्षा कमी, म्हणून त्याची मर्यादा १ लाख ६ हजारांपेक्षा लांब पडते), आरामात फिरतोय, कारण एवढ्या लहान दगडाला त्याची मजबुती पुरते.

ताणाचं ते घनाचं सूत्र आता उलटं, म्हणजे लांबच्या अंतराला लावून बघा. गुरू प्रत्यक्षात आपल्या जवळात जवळ येतो तेव्हाही ५९ कोटी किलोमीटरवर असतो आणि तिथून त्याचा ताण चंद्राच्या ताणाच्या साधारण दीड लाखावा भाग. तरी आपल्याकडे मुलीच्या लग्नाला गुरुबळ बघतात आणि गुरू वक्री झाला म्हणून धंदा थांबवतात. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीला, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले तेव्हा, जगबुडी येणार म्हणून देशभर यज्ञ झाले, तूप जळलं आणि समुद्राची भरती नेहमीसारखीच आली. चांगले शिकलेले लोक आजही या भीतीवर पैसे घालवतात याचा मला खरोखर राग येतो.

शेवटाकडे येताना सिनेमा गुरूचा हायड्रोजन आणि पृथ्वीवरून गेलेला ऑक्सिजन एकत्र पेटवून त्या स्फोटाने पृथ्वीला ढकलतो, आणि प्रेक्षक सगळ्यात जास्त टाळ्या इथेच देतात. हिशोब करून बघितला. वातावरणातला सगळा ऑक्सिजन, अंदाजे १२ वर १७ शून्यं इतके किलो, एकही कण वाया न घालवता जाळला आणि त्यातली सगळी ऊर्जा फक्त पृथ्वीला ढकलण्यात गेली असं धरलं, तरी वेग वाढतो सेकंदाला पावणेतीन मीटरपेक्षा कमी. ताशी १० किलोमीटर सुद्धा नाही. सिनेमातली खरी मोठी चूक ही आहे, आणि रॉश मर्यादेवरून तावातावाने बोलणारे लोक हिच्याकडे बघतच नाहीत.

२०२३ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या भागात संकट चंद्राचं आहे, आणि तिथे हे गणित जास्त चपखल बसतं. पृथ्वी चंद्रापेक्षा घन असल्यामुळे द्रव चंद्रासाठीची मर्यादा पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण १८,४०० किलोमीटरवर येते आणि कडक चंद्रासाठीची ९,५०० वर, म्हणजे दोन्ही जमिनीच्या वर. चंद्र हळूहळू घिरट्या घालत खाली आला तर त्याला लांबट व्हायला भरपूर वेळ मिळेल आणि तो आदळायच्या आधीच फुटायला लागेल. दुसरा भाग बघितला नसेल तर हे दोन आकडे लक्षात ठेवून बघा.