कार्बोरेटर बसवला की ॲव्हरेज वाढतं?

जळगाव-भुसावळकडे जुन्या कारचं फ्युएल इंजेक्शन (इंजिनात मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बिघडलं की सल्ला ठरलेला : ‘काढून टाक भाऊ, कार्बोरेटर बसव, ॲव्हरेज वाढेल.’ कार्बोरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. त्याने ॲव्हरेज वाढतं, हे साफ चूक आहे. इंजेक्शनचा पंप साधारण 3 बार दाबाने पेट्रोल ढकलतो, कार्बोरेटरला 0.3 बारही पुष्कळ. पंप तोच ठेवला तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई तो दाब अडवू शकत नाही, फ्लोट चेंबर (त्यातली पेट्रोलची छोटी टाकी) भरून वाहतं आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनवर सांडतं. थेट आगीचा धोका! स्पार्कचं टायमिंगही ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) सांभाळतो, इंजेक्शनबरोबर तो काढला की तेही बिघडतं, ते वेगळंच. मे महिन्यातल्या 44-45 अंशांत कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाफ लवकर होते, गाडी ट्रॅफिकमध्ये बंद पडते. हवा-पेट्रोलचं मिश्रण नेमकं राहत नसल्याने पेट्रोल उलट जास्तच जळतं. आधी फिल्टर, पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच), अर्थिंगची वायर तपासून घ्या. बिघाड बहुधा तिथेच सापडतो.