‘आयएमएस केलंय’, पण बोअर बघितला का?

जुन्या पोर्शेच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘आयएमएस बेअरिंग बदललेलं आहे.’ ते वाचलं की घेणारा निर्धास्त. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना वीस वर्षांची बॉक्स्टर नव्या फॅमिली कारपेक्षा कमी पैशांत मिळते, त्यामुळे मोह होतोच. पण या इंजिनांना मरायला दोन वाटा आहेत: हे बेअरिंग जाणं आणि बोअर स्कोअरिंग, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर (बोअरवर) ओरखडे पडणं. त्या वाक्यानं त्यातली पहिलीच बंद झालेली असते.

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँक त्याला चेननं फिरवतो, तो पुढे चेननंच कॅमशाफ्ट फिरवतो. १९९६ची बॉक्स्टर, १९९७ची ९९६ पिढीतली ९११ आणि त्यांच्या नंतरच्या काही मॉडेलांत या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय. वर्षानुवर्षांनी सील निकामी होतं, आत इंजिनचं ऑइल शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि शिरलेलं ऑइल तिथंच कुजत बसतं. बॉल झिजले की शाफ्ट डगमगतो, टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ) सरकतं, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बऱ्याचदा आधी काही चाहूलही लागत नाही. सुरुवातीचं बॉलच्या दुहेरी रांगेचं बेअरिंग त्यातल्या त्यात बरं होतं. २०००च्या सुमाराला एकेरी आलं आणि तेच बदनाम झालं. २००१ ते २००५च्या मॉडेलांवरून अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला, २०१३मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून यातलं कुठलंही इंजिन बसलं की ‘आयएमएस गेलं’ म्हणायची सवयच लागलीय.

बोअर स्कोअरिंगचा बेअरिंगशी काडीचा संबंध नाही. या इंजिनात सिलिंडरला लोखंडी लायनर (आतलं अस्तर) नसतो; अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कण मुरवलेला लोकासिल नावाचा थर असतो. पिस्टनच्या अंगावरचा लेप निघाला की अॅल्युमिनियम भिंतीवर घासतं आणि उभे ओरखडे पडतात. बहुतेकदा ४ ते ६ नंबरच्या सिलिंडरांच्या बाजूला, त्यातही ६ नंबरला. थंड मुलुखात जास्त, आणि ३.४ लिटरची केमन एस, ३.६ व ३.८ लिटरच्या ९९७ पिढीतल्या ९११ यांत विशेष. म्हणजे ज्या गाड्यांत आयएमएसची भीती कमी, तिथंच हे दुखणं जास्त.

हे मात्र सांगून येतं, फक्त सावकाश. इंजिन चांगलं गरम झाल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) एका बाजूनं टक-टक येते आणि जात नाही. (गार असताना येऊन थोड्या वेळात थांबणारी टकटक बहुधा टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची), तिच्यावर झोप घालवू नका.) गाडी ऑइल खायला लागते. ९११च्या दोन्ही सायलेन्सर पाइपांत बोट फिरवून बघा: एक राखाडी, दुसरा चुलीच्या बुडासारखा काळा असेल तर संशय पक्का.

आपल्याकडचा स्कूटरवर वाढलेला मेकॅनिक म्हणेल, त्यात काय, रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकू. इथं ते चालत नाही. इंजिन उतरवून, उघडून, सिलिंडरला नव्या स्लीव्ह (नळीसारखी अस्तरं) घालाव्या लागतात. खर्च बेअरिंगच्या कितीतरी पट. उलट बेअरिंग क्लच बदलतानाच उरकता येतं, गिअरबॉक्स तेव्हा उतरलेलाच असतो. नंतरच्या, साधारण २००६पासूनच्या इंजिनांत बेअरिंग मोठं आणि दणकट आहे, पण ते काढायचं तर इंजिनची केस (बाहेरचं कवच) उघडावी लागते, म्हणून सहसा कुणी हात लावत नाही.

रस्त्यात काय करायचं तेही वेगळं. खडखडाट होऊन इंजिन एकदम बंद पडलं तर ‘एकदा सेल मारून बघू’ अजिबात नको. टायमिंग सरकलं असेल तर त्या एका सेलमध्ये वाचलेले व्हॉल्व्हही वाकतील. सरळ टो करा. बोअरची टकटक असेल तर हळूहळू चालवत, ऑइल तपासत गॅरेज गाठता येतं.

निदानाची हत्यारंही निराळी. आयएमएससाठी ऑइल फिल्टर उघडून कागदाच्या घड्या सुट्या करतात आणि उजेडात लोखंडाची चमक शोधून चुंबक फिरवतात. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर ते चेनला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचे. बोअरसाठी बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा), तोही नुसता प्लगच्या भोकातून नको, शक्यतो सम्प (खालचं ऑइलचं भांडं) काढून खालून, कारण सिलिंडरच्या खालच्या भागातले ओरखडे वरून निसटतात.

म्हणून जाहिरातीतलं ते वाक्य वाचल्यावर विकणाऱ्याला एवढंच विचारा: ६ नंबरच्या बोअरचे फोटो आहेत का?