फुकटची वीज आणि थरथरणारी खिट्टी

परत तोच व्हिडिओ आलाय. टेबलावर एक मोटर, तिला पट्ट्याने जोडलेला जनरेटर, जनरेटरची वायर फिरून परत मोटरला, आणि शिवाय वर एक बल्ब पेटलेला. दोरी ओढून चाक सुरू करतात, मग हात काढून घेतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात. खाली कमेंटमध्ये ठरलेली मंडळी. एक म्हणतो "हे कधी बाहेर येऊ देणार नाहीत", दुसऱ्याच्या मते तेल कंपन्यांनी एव्हाना शोधकाला उचललं असणार, तिसरा नुसतेच हात जोडतो. टेबलाच्या चौथ्या पायाला धरून खाली काय उतरतंय हे कोणी विचारत नाही, कारण चौथा पाय व्हिडिओभर फ्रेमच्या बाहेरच असतो.

मला असली यंत्रं मनापासून आवडतात. प्रत्येकात कुठला तरी एक भाग शोधक हिशेबात धरायला विसरलेला असतो (किंवा मुद्दाम धरत नाही) आणि तो भाग हुडकून काढण्यात जाम मजा असते. या मोटर-जनरेटरमध्ये मात्र फार डोकं लावायला लागत नाही. दोन्ही चांगल्यातले घ्या, 90 टक्के कार्यक्षमतेचे. मोटरला 100 ज्यूल दिले तर पट्ट्यावर 90 येतात आणि जनरेटरमधून 81 बाहेर पडतात, ते परत मोटरला दिले की 66, मग 53, मग 43, म्हणजे चार फेऱ्यांत निम्म्याच्या खाली गेलो आणि बल्ब तर अजून पेटवायचाच आहे! ऊर्जा निर्माण करता येत नाही हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, तो उष्मागतिकीचा म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम. या नियमांवर एक जुना विनोद आहे: पहिला नियम म्हणतो तुम्ही जिंकू शकत नाही, दुसरा म्हणतो बरोबरीसुद्धा करता येणार नाही, आणि तिसरा म्हणतो खेळ सोडून उठताही येणार नाही. (शिवाय एक शून्यावा नियमपण आहे. तो बाकीच्यांच्या नंतर मांडला गेला पण जास्त मूलभूत वाटला म्हणून त्याला शून्य नंबर दिला, यावरून भौतिकशास्त्रज्ञ मंडळी कशी असतात ते ओळखा.)

आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वेड जुनं आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत स्वयंवह यंत्राचं वर्णन आहे: हलक्या लाकडाचं चाक, त्याला पोकळ आरे, आऱ्यांमध्ये अर्धा अर्धा पारा भरून तोंडं बंद करायची. कल्पना अशी की चाक फिरताना एका बाजूचा पारा परिघाकडे पळणार, दुसऱ्या बाजूचा आसाजवळ येणार, मग एक बाजू कायम जड राहणार आणि चाक फिरतच राहणार. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये विलार द ओनकूरने हातोडे लटकवलेलं असंच एक चाक आपल्या वहीत काढून ठेवलं. दोन्हीत गोम एकच. ज्या बाजूची वजनं आसापासून लांब असतात त्या बाजूला कुठल्याही क्षणी वजनं कमी असतात, आणि जवळ आलेल्या वजनांची दुसऱ्या बाजूला गर्दी झालेली असते. कागदावर काढून वजन गुणिले अंतर अशी बेरीज करा, चाक थोडं हलतं, डुलतं आणि जिथे बेरीज शून्य होते तिथे थांबतं. आता 'बाराव्या शतकात आपल्याकडे फ्री एनर्जी होती' असे मेसेज फिरतात त्यांचं काय करायचं? भास्कराचार्यांनी अनिश्चित समीकरणांवर जे काम केलंय ते वाचून खरंच थक्क व्हायला होतं. अभिमान बाळगायला एवढं पडलेलं असताना नेमकं न फिरणारं चाक कशाला उचलायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

काही लोकांनी अर्थात हिशेबात न धरलेला भाग सरळ भिंतीपलीकडे ठेवला. 1812 मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स रेडहेफर नावाचा इसम असं यंत्र तिकीट लावून दाखवायचा. सरकारी तपासनीस आले तेव्हा खोलीला कुलूप होतं, त्यांना फक्त खिडकीतून बघू दिलं. पण त्यांच्यातल्या एकाबरोबर त्याचा मुलगा आला होता आणि त्या पोराने गिअरच्या दात्यांकडे बघितलं. हे यंत्र जर दुसऱ्या यंत्राला फिरवत असेल तर दाते एका बाजूने झिजायला हवेत, आणि इथे ते उलट्या बाजूने झिजले होते! म्हणजे जे फिरवलं जातंय असं दाखवत होते, तेच चालवत होतं. पुढे हा गडी न्यूयॉर्कला गेला, तिथे आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन बघायला आला आणि त्याला चाकाचा वेग एकसारखा नाहीये, कोणीतरी हाताने हँडल मारल्यासारखा कमी-जास्त होतोय, हे कानांनीच कळलं. त्याने फळ्या उचकटल्या, आतून तातीचा एक पट्टा भिंतीतून वर माळ्यावर गेलेला, आणि माळ्यावर एक दाढीवाला म्हातारा पावाचा तुकडा चघळत हँडल फिरवत बसलेला, अशी गोष्ट सांगतात. शाश्वत ऊर्जेचं हे एकमेव मॉडेल मला पूर्ण पटतं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर 1775 मध्येच जाहीर करून टाकलं होतं की अशा यंत्रांचे प्रस्ताव यापुढे बघणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नीट मांडला जायला अजून साठ-सत्तर वर्षं होती, तरी ते वैतागले होते.

हे सगळं पहिल्या नियमाशी भांडण. मला खरी आवडतात ती दुसऱ्या प्रकारची यंत्रं. ती पहिला नियम मोडत नाहीत, ऊर्जा शून्यातून काढत नाहीत, जी आजूबाजूला ढिगाने पडून आहे ती फक्त वापरायची म्हणतात. आणि ती खरंच पडून आहे! 1000 लिटर पाणी फक्त 1 अंशाने थंड केलं तर त्यातून 42 लाख ज्यूल निघतात, म्हणजे 1 युनिटपेक्षा जास्त. मग समुद्र किती मोठा आहे बघा. जहाजाने पुढून पाणी घ्यावं, त्यातली उष्णता काढून इंजिन चालवावं, मागून बर्फ सोडावा. पहिल्या नियमाला काडीची हरकत नाही.

जॉन गॅमगी नावाच्या गृहस्थाने 1880 च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये हेच मांडलं. अमोनिया उणे 33 अंशाला उकळतो, त्यामुळे 0 अंशाच्या पाण्यातसुद्धा त्याची वाफ चार वातावरणांएवढा दाब देते. ती वाफ पिस्टन ढकलणार, प्रसरण पावताना गार होणार, परत द्रव होणार, की चालू पुढची फेरी. यंत्राचं नाव झीरोमोटर. अमेरिकी नौदलाच्या इंजिनिअर इशरवूडने शिफारस केली, राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड स्वतः बघून गेले, कारण कोळशाशिवाय जहाज म्हणजे नौदलाचं स्वप्न. अडचण एकच, वापरलेल्या अमोनियाचा पूर्ण द्रव करायचा तर त्याच्यापेक्षा थंड काहीतरी लागतं, आणि ते थंड ठेवायला जेवढं काम करायला लागतं त्यात पिस्टनने केलेलं काम निदान तेवढंच जातं. उष्णता कामाला लावायची तर एक गरम बाजू आणि एक थंड बाजू हवी, एकाच तापमानाच्या समुद्रातून सलग काम काढता येत नाही, हाच तो दुसरा नियम.

"पण का नाही?" इथे आपण थांबलो तर 'नियम आहे म्हणून' असं उत्तर झालं, त्याला काही अर्थ नाही. म्हणून आता माझं लाडकं यंत्र. 1912 मध्ये स्मोलुचोव्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचा विचार केला आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फाइनमनने आपल्या लेक्चरमध्ये ते अजरामर केलं.

एक बारीक आस घ्या. त्याच्या एका टोकाला पंख्यासारखी पाती, ती हवेच्या डब्यात. हवेचे रेणू सेकंदाला साधारण 500 मीटर वेगाने सगळीकडून पात्यांवर आदळत असतात, पाती पुरेशी छोटी असतील तर ती आस कधी डावीकडे कधी उजवीकडे थरथरणार. आता दुसऱ्या टोकाला रॅचेट लावा, म्हणजे करवतीसारखे तिरके दाते असलेलं चाक आणि त्या दात्यांत स्प्रिंगने दाबून बसवलेली खिट्टी. सायकलचं पेडल उलटं फिरवलं की टकटक येते ना, तीच भानगड. दात्याची एक बाजू हलक्या उताराची, दुसरी एकदम उभी. सरळ फिरताना खिट्टी उतारावरून वर चढते आणि उभ्या कड्यावरून टक् करून खाली पडते. उलटं फिरायला गेलं की कड्याला अडकते. म्हणजे डावी थरथर वाया, उजवी थरथर जमा! आसाला धागा बांधा, धाग्याला एखादी पिसू लटकवा, ती हळूहळू वर येईल. एकाच तापमानाच्या हवेतून काम काढलं, दुसरा नियम गेला.

यात चूक कुठे आहे ते पुढे वाचायच्या आधी शोधून बघा, मी थांबतो.

खिट्टी. खिट्टीपण त्याच खोलीत आहे हो! तिलाही तेच तापमान, तिचेही अणू थरथरतायत, आणि पाती हलवण्याएवढे रेणूंचे धक्के जिथे महत्त्वाचे ठरतात तिथे खिट्टी स्वतःहून अधूनमधून उडी मारणारच. ती वर उडालेली असताना चाक जरासं मागे सरकलं की ती खाली येते ती आधीच्या दात्याच्या उतारावर, वरच्या टोकाला. मग स्प्रिंग तिला उतारावरून खाली दाबते आणि चाक मागे ढकललं जातं, पूर्ण एक दाता. ज्या तिरक्या दात्यावर आपण 'फक्त पुढेच' म्हणून भरवसा ठेवला तोच आता चाक मागे रेटतोय.

आता थोडं गणित, नको असेल तर खालच्या परिच्छेदावर उडी मारा, खिट्टीसारखी. खिट्टी एक दाता वर उचलायला लागणारी ऊर्जा E म्हणू. पात्यांना योगायोगाने एवढी ऊर्जा मिळण्याची शक्यता e चा −E/kT₁ वा घात, यात T₁ पात्यांकडचं केल्विनमधलं तापमान आणि k बोल्ट्झमनचा स्थिरांक. खिट्टीला आपोआप तेवढी ऊर्जा मिळण्याची शक्यता e चा −E/kT₂ वा घात, T₂ खिट्टीकडचं तापमान. तापमान सारखं असेल तर दोन्ही संख्या सारख्या, पुढे जितके दाते तितकेच मागे. स्प्रिंग कडक केली की खिट्टी उडायची कमी होते पण पात्यांनाही तिला उचलणं तेवढंच अवघड होतं, E दोन्हीकडे एकच आहे. खोलीच्या तापमानाला kT साधारण 4 भागिले 10 चा 21 वा घात, एवढे ज्यूल. डोळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या रॅचेटसाठी E एक मायक्रोज्यूल धरला तरी तो kT च्या 250 लाख कोटी पट होतो, तिथे ना खिट्टी हलणार ना पाती, यंत्र निवांत.

आणि यातला सगळ्यात भारी भाग. खिट्टीकडची बाजू थंड केली तर चाक खरंच पुढे फिरतं, पण मग गरम आणि थंड बाजू असलेलं ते एक साधं उष्णता-इंजिन झालं. उलट खिट्टी जास्त गरम केली तर चाक मागे फिरतं!! शिवाय टक् करून पडणारी खिट्टी उसळू नये म्हणून तिचा धक्का कुठेतरी जिरवायला लागतो, जिरवला की उष्णता, म्हणजे थंड ठेवलेली खिट्टी काम करता करता स्वतःच गरम होत जाते. इलेक्ट्रॉनिक्सवाले इथे म्हणतात की रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या थरथरीला डायोड लावू, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. लावा की, पण डायोडपण त्याच खोलीत, त्याच तापमानाला.

मॅक्सवेलने 1867 मध्ये कल्पिलेला राक्षस, जो दार उघड-बंद करून वेगवान रेणू एका बाजूला गोळा करतो, म्हणजे फुकटात एक गरम आणि एक थंड बाजू तयार करतो, त्याचंही असंच झालं, फक्त त्याला पकडायला शंभरेक वर्षं गेली. त्याला रेणूंची माहिती कुठेतरी साठवायला लागते आणि कधीतरी पुसायला लागते, आणि एक बिट (म्हणजे एक हो-किंवा-नाही एवढी माहिती) पुसायला किमान वरच्या गणितातल्या kT गुणिले 0.69 एवढी ऊर्जा उष्णता म्हणून सोडायला लागते, हे 1961 मध्ये लँडाउअर या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं. म्हणजे त्याच्या डोक्याचा खर्च कोणी धरला नव्हता.

हल्ली असले दावे 'क्वांटम' नावाखाली येतात, पेंडंटपासून जनरेटरपर्यंत. निर्वात पोकळीतली शून्यबिंदू ऊर्जा खरीच आहे, पण ती सगळ्यात खालची पायरी आहे, तिच्यावर उभं राहून अजून खाली उतरणार कुठे? तिच्यावर बॅटरी चार्ज करून देतो म्हणणाऱ्याला पैसे आगाऊ देऊ नका.

मग न थांबणारं काहीच नाही का? न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात 1864 पासूनचं एक घड्याळ आहे, बेव्हर्ली क्लॉक. ते मधे काही वेळा थांबलंय, पण त्याला कोणी चावी दिलेली नाही. दिवसभरात हवेचं तापमान आणि दाब बदलतो, बंद पेटीतली हवा फुगते-आकसते आणि वजन वर उचललं जातं. दुसरा नियम खूश, कारण इथे गरम आणि थंड दोन्ही आहे, एकाच वेळी असण्याऐवजी एकामागून एक. दिवसात तापमान 6 अंशांनी बदललं तर एक पौंड वजन इंचभर वर जातं. गुणाकार केला तर 0.11 ज्यूल होतात. फोनची 15 वॅट-तासांची बॅटरी म्हणजे 54,000 ज्यूल, तेव्हा या घड्याळावर फोन लावून ठेवलात तर एकदा फुल चार्ज व्हायला साधारण 1300 वर्षं लागतील, आणि तोवर घड्याळ बंद.