‘लघवीला मुंग्या लागल्या तरच शुगर’? नाही!

‘मुंग्या लागत नाहीत, तहान-तहान होत नाही, मग तपासायचं कशाला?’ हे घरोघरी ऐकू येतं. हा समज खरंच घातक आहे.

साखर लघवीत उतरते ती साधारणपणे रक्तातलं प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर. तोवर मूत्रपिंड ती परत रक्तात घेतं. मधुमेहाचं निदान मात्र उपाशीपोटी १२६ लाच होतं. म्हणजे मुंग्यांची वाट पाहणारा माणूस कित्येक वर्षं आजार अंगावर काढू शकतो, आणि त्या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा गुपचूप खराब होत राहतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. पंचेचाळिशीपुढच्यांच्या देशव्यापी पाहणीत तर मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यातही निम्म्याहून अधिक जणांची साखर आटोक्यात नव्हती. (गोळी सुरू झाली की काम झालं, हाही भ्रमच.)

तिशीनंतर सरकारी आरोग्य उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. बोटातून एक थेंब रक्त लागतं. साखर जास्त निघाली, तर पुढे प्रयोगशाळेत खात्री करून घ्यायची.