दहावीनंतर कारखाना : भिवंडीच्या मुलांची पार्श्वभूमी

भिवंडीत उर्दू शाळेतल्या मुलाचा दहावीचा पेपर संपत नाही तोच घरी मामूंचा फोन येतो. यंत्रमागाच्या कारखान्यात माणूस कमी पडतोय, सुट्टीत पाठवून द्या. सुट्टी संपते, मुलगा यंत्रमागावरच राहतो. ‘या मुलांना शिक्षणाची आवडच नाही,’ असं बाहेर सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही.

1857 नंतर उत्तरेतले मोमीन, म्हणजे मुस्लिम विणकर, आग्रा रोडने मालेगाव, भिवंडीकडे आले. हातमाग राहत्या घरातच. बाप विणायचा, आई नि बहिणी सुताच्या कांड्या भरायच्या, मुलगा शेजारी बसून हात बसवायचा. शाळा म्हणा, पेढी म्हणा, अडीअडचणीचा आधार म्हणा, सगळं घरच. मुंबईत मदनपुऱ्यातले विणकर गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, लागले, तेही नात्यागोत्यातून. जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ओळखीचा असला की पुतण्याला बदली कामगार म्हणून घेतलं जाई. 1982 च्या गिरणी संपानंतर कापडाचं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकलं. काम मिळायची रीत तीच राहिली.

त्यात दंगली. भिवंडीत 1970 आणि 1984, मुंबईत 1992-93. त्यानंतर कितीतरी कुटुंबं ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेली, आणि त्या दिवसांत दार उघडलं ते नातेवाइकांनीच. अशा घरातली आई मुलाला अनोळखी भागातल्या कॉलेजात पाठवताना दहादा विचार करते. त्या भीतीला मागासलेपण म्हणणं अन्याय आहे.

शिक्षणाची ओढ जुनीच आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी केली ती 1874 साली. तरी मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात विशीपुढच्या मुस्लिमांत पदवीधर चार टक्क्यांहून कमी निघाले. सरकारी नोकऱ्यांतलं प्रमाणही तुटपुंजं. पदवी घेऊन पुढे काय, या अब्बांच्या प्रश्नाला शाळेकडे उत्तर नसतं; मामूंकडे पगार असतो. महाराष्ट्रात 2014 च्या जुलैत मुस्लिमांना शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग चालू ठेवला, पण डिसेंबरात अध्यादेशाची मुदतच संपली.

बहिणी मात्र शिकत राहतात. कॉलेजच्या फीची पावती बहिणीच्या नावाची असते आणि पैसे धाकट्या भावाच्या पगारातले. आणि ज्या घरात थोरला भाऊ एकदा बारावी ओलांडतो, तिथे मामूंच्या फोनला अम्मीच उत्तर देते : ‘अभी पढ़ने दो.’