ठोसेबाज (बॉक्सिंग)

ठोसेबाज म्हणजे असा बॉक्सर की ज्याच्या एका ठोशाने मॅच तिथल्या तिथे संपू शकते. बॉक्सिंगवाले त्याला पंचर म्हणतात. नॉकआउटचा, म्हणजे समोरच्याला लढता येणार नाही असं पाडून जिंकलेल्या मॅचचा आकडा बघून महान ठोसेबाज ठरवायची बऱ्याच लोकांना सवय असते, पण तो आकडा अर्धंच सांगतो, कारण सुरुवातीला कच्चे प्रतिस्पर्धी पाडून कोणाचाही रेकॉर्ड फुगतो. बघायचं असतं ते हे की समोर पक्का, मार पचवणारा माणूस आहे, आपण स्वतः दमलोय, आणि तरी तो ठोसा लागतो का.

अर्नी शेव्हर्स या हेवीवेट (सगळ्यात जड वजनगटातल्या) बॉक्सरचंच घ्या. 74 विजय, त्यातले तब्बल 68 नॉकआउट. 28 सप्टेंबर 1979 ला लास वेगासमध्ये सातव्या राऊंडला त्याच्या उजव्या हाताने चॅम्पियन लॅरी होम्स असा कोसळला की आजही व्हिडिओ बघताना वाटतं संपली मॅच, पण होम्स उठला, आणि शेव्हर्सकडे काम पूर्ण करायला दमच उरला नव्हता, शेवटी अकराव्या राऊंडला रेफ्रीने मॅच थांबवली ती होम्सच्या बाजूने. त्याआधी 1977 मध्ये मोहम्मद अलीने त्याच्यापुढे पूर्ण 15 राऊंड काढून गुणांवर निकाल जिंकला होता. वर्ल्ड टायटल त्याला कधी मिळालंच नाही. इतक्या जोरात मारणारी माणसं फार कमी झाली असतील, पण माझ्या मते पहिल्या रांगेत त्याला बसवता येत नाही, आणि हे लिहिताना खरंच वाईट वाटतं कारण मोठ्या नावांना भिडायला तो कधी कचरला नाही.

जोर दंडात असतो असं वाटतं पण तो येतो जमिनीतून. मागच्या पायाने जमीन रेटायची, टाच वळली की कमर फिरते, कमरेमागे खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. तोपर्यंत हात सैल हवा, मूठ आवळायची ती लागतानाच. आधीपासून अंग आखडून मारलं तर तो ठोसा राहत नाही, नुसता धक्का होतो. हनुवटीवर बाजूने बसला की डोकं झटक्यात फिरतं, मेंदू आतल्या आत हलतो आणि माणसाची शुद्ध जाते, म्हणून कपाळावर बसलेल्या दहा ठोशांपेक्षा हनुवटीच्या टोकावरचा एक भारी पडतो.

हे सगळं एकाच माणसात बघायचं असेल तर जो लुई बघावा. 1937 ते 1949 हेवीवेट चॅम्पियन, 25 वेळा टायटल राखलं. जॅक ब्लॅकबर्न या ट्रेनरने त्याच्याकडून आधी पाय आणि तोल पक्का करून घेतला, त्यामुळे लुई मोठा झोका घेऊन मारतच नाही, वीतभर अंतरातून मारतो, आणि एक लागला की त्याच तोलात दुसरा, तिसरा येतो. 1936 मध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याची एक खोड बरोब्बर पकडली होती, जॅब (पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा) मारला की लुईचा डावा हात खाली यायचा, तेवढ्या फटीतून उजवा घालून घालून बाराव्या राऊंडला त्याला नॉकआउट केलं. 22 जून 1938 ला यांकी स्टेडियमवर परत गाठ पडली तेव्हा लुईने 124 सेकंदात विषय संपवला. ताकद तर दोन वर्षांपूर्वीही तेवढीच होती ना, पण ती पोचवायची कशी हे आता जास्त पक्कं झालं होतं.

अजून एक गोष्ट म्हणजे न दिसणारा ठोसा. येताना दिसला तर माणूस मान आवळतो, थोडा सरकतो आणि पचवतो. 1957 मध्ये शिकागोत शुगर रे रॉबिन्सनने पाचव्या राऊंडला मागे सरकता सरकता जो लेफ्ट हूक (डाव्या हाताने बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारला तो जीन फुलमरला कळलाच नाही. जपानच्या नाओया इनोउएने 2018 मध्ये योकोहामात हुआन कार्लोस पायानोला 70 सेकंदात असंच झोपवलं, आधी जॅब आणि त्याच्या मागोमाग उजवा, आणि ही मॅच बँटमवेटची म्हणजे 118 पौंडांची, तेव्हा ठोसेबाज फक्त हेवीवेटमध्येच असतात हा समज सोडून द्यावा.

पोटावर मारणाऱ्यांकडे लोकांचं लक्ष कमी जातं. उजव्या बरगडीखाली लिव्हर असतं, तिथे डावा हूक नीट बसला की डोकं शाबूत असतं, सगळं कळत असतं, पण शरीर उठूच देत नाही. 2004 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला नवव्या राऊंडला असंच बसवलं.

आणि शेवटच्या राऊंडपर्यंत टिकणारी ताकद, जिला मी सगळ्यात जास्त मानतो. रॉकी मार्सियानो 1952 मध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटसमोर पहिल्याच राऊंडला पडला, गुणांच्या तिन्ही कार्डांवर मागे होता, आणि तेराव्या राऊंडला एका आखूड उजव्याने टायटल घेऊन गेला. जॉर्ज फोरमनने तर 1973 मध्ये किंग्स्टनला जो फ्रेझरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा पाडलं होतं, पण मला त्याची 5 नोव्हेंबर 1994 ची मॅच मोठी वाटते. वय 45, समोर चॅम्पियन मायकल मूरर, नऊ राऊंड मार खाऊन कार्डावर पार मागे, आणि तरी हा पुढे पुढे चालत जॅब मारत राहिला, अंतर जुळेपर्यंत. दहाव्या राऊंडला सरळ उजवा, फार लांबून आलेला नाही, नीट हनुवटीवर. मूरर पाठीवर पडला आणि रेफ्रीने दहा मोजले.