क्वांटम सॅटेलाइटवाला मोत्झू आणि भिंतीवरचा उलटा माणूस

क्वांटम कम्युनिकेशनची कुठलीही बातमी आली की त्यात चीनच्या मिशियस सॅटेलाइटचं नाव येतंच. 16 ऑगस्ट 2016 ला जिउछुआनच्या तळावरून तो सोडला, आणि पुढच्याच वर्षी त्याने एकमेकांत गुंतलेले फोटॉन (प्रकाशाचे कण) जमिनीवरच्या, एकमेकांपासून 1200 किलोमीटर लांब असलेल्या दोन केंद्रांवर उतरवून दाखवले. नाव ऐकून कुणालाही वाटेल की हा कुणी ग्रीक पंडित असणार, पण माणूस पक्का चिनी आहे. मिशियस हे मोत्झूच्या नावाचं लॅटिन रूप, आणि हा मोत्झू इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला विचारवंत. आता एवढ्यावरून 'चिन्यांना 2400 वर्षांपूर्वी क्वांटम माहीत होतं' अशा पोस्टी फिरायला लागल्या तर नवल नाही. नव्हतं हो माहीत. पुष्पक विमानावाल्या फॉरवर्डवर मान डोलावणाऱ्या आपल्या लोकांनी त्यांना हसण्यातही अर्थ नाही म्हणा, पण मोत्झूच्या लोकांनी खरोखर जे केलं ते या फेकाफेकीपेक्षा कितीतरी भारी आहे, म्हणून हा लेख.

प्राचीन चीन म्हटलं की आपल्याला कन्फ्यूशियस आठवतो, फार तर लाओत्झू, आणि मग गाडी थेट मोठ्या भिंतीवर. पण कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551 ते 479) गेल्यानंतरची अडीचशे वर्षं म्हणजे नुसती धामधूम होती. चौ घराण्याचा राजा नावापुरता उरलेला, सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर, लोखंडाची अवजारं आल्यामुळे शेती वाढलेली, शेतकऱ्यांच्या पोरांना पकडून सैन्यात भरती, आणि जुन्या सरदारांची सद्दी संपल्यामुळे अक्कल असलेल्या सामान्य माणसालाही दरबारात जागा मिळायला लागलेली. म्हणून मग विचारवंत लोक आपापली विद्या घेऊन या राजाकडून त्या राजाकडे फिरत असायचे. यालाच पुढे 'शंभर पंथांचा काळ' म्हणाले. छी राज्याने तर राजधानीत अशा विद्वानांना घरं आणि मानधन देऊन ठेवलेलं, कामाची सक्ती नाही, फक्त वाद घाला!

या गर्दीत मोत्झूचा पंथ वेगळा उठून दिसतो कारण त्यात सुतार, गवंडी, यंत्रं बनवणारे अशी हाताने काम करणारी माणसं बरीच असावीत. त्यांच्या लिखाणात तराजू, तरफ, चाक, दोरी, कंपास यांचे दाखले सारखे येतात. मोत्झूचं म्हणणं सरळ होतं. स्वतःच्या घरादारावर जेवढी माया करता तेवढीच दुसऱ्याच्या घरावर, दुसऱ्याच्या राज्यावर करा, म्हणजे लढाया थांबतील. कन्फ्यूशियसवाल्यांना हे बिलकुल पटलं नाही, त्यांच्यातला पुढचा मोठा विचारवंत मेन्शियस (आपला मिशियस वेगळा) तर चिडून म्हणाला की हे म्हणजे बापाला बाप न मानणं झालं.

आणि खर्च! आईबाप गेले की तीन वर्षं सुतक पाळायचं, थडग्यात ढीगभर वस्तू पुरायच्या, हे मोत्झूला अजिबात मंजूर नव्हतं. तीन इंच जाडीची शवपेटी आणि कपड्यांचे तीन जोड बास झाले म्हणायचा. तो हे कुणाला उद्देशून बोलत होता ते बघायचं तर हूबेई प्रांतात 1978 साली उकरलेलं त्झंग राज्याच्या यी नावाच्या राजाचं थडगं बघा. साधारण इ.स.पू. 433 चं, म्हणजे मोत्झूच्याच हयातीतलं. आत 65 काशाच्या घंटांचा संच, प्रत्येक घंटेतून दोन वेगळे सूर निघतात, धातुकामाचा कळस म्हणावा असा. आणि त्याच थडग्यात राजाच्या सोबतीला पाठवलेल्या 21 तरुण बायका. मोत्झू म्हणे, घंटांचा आवाज गोड नाही असं मी म्हणतच नाही, पण त्यासाठी पैसा रयतेच्या तोंडातला घास काढून उभा करता त्याचं काय?

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे चू राज्याने छोट्या सोंग राज्यावर हल्ला करायची तयारी केली, त्यासाठी गोंगशू बान नावाच्या नामी कारागिराकडून तटाला लावायच्या शिड्या बनवून घेतल्या, आणि हे कळल्यावर मोत्झू दहा दिवस दहा रात्री चालत चूच्या राजधानीत पोचला. राजापुढे त्याने कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर गोल मांडला, हा तट. लाकडाचे तुकडे झाली यंत्रं. गोंगशूने नऊ वेळा वेगवेगळा हल्ला केला, मोत्झूने नऊ वेळा तो मोडला, हल्ल्याची यंत्रं संपली तरी बचावाच्या युक्त्या शिल्लकच. मग म्हणाला, मला इथे मारून उपयोग नाही, माझे 300 चेले यंत्रं घेऊन सोंगच्या तटावर आधीच उभे आहेत. लढाई रद्द. परत येताना पाऊस लागला म्हणून तो त्याच सोंगमधल्या एका वेशीपाशी आडोशाला गेला तर पहारेकऱ्याने आत घेतलं नाही!

आता विज्ञानाकडे येतो. मोत्झूने कुठलंही मत तपासायच्या तीन कसोट्या सांगितल्या. जुन्या चांगल्या राजांचं वागणं त्याला धरून होतं का, सामान्य लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय किंवा कानांनी ऐकलंय का, आणि राज्यकारभारात वापरलं तर लोकांचा फायदा होतो का. या कसोट्या लावून त्याने नशीबवाद पार उडवून लावला. नशीब नावाची वस्तू कुणी पाहिली? तिचा आवाज कुणी ऐकला? रोज सकाळी टीव्हीवर राशिभविष्य ऐकणाऱ्यांना हे प्रश्न आजही विचारून बघायला हरकत नाही. पण थांबा, त्याच कसोट्या लावून त्याने भुतं खरी असतात हेही सिद्ध केलं! चौ राजा श्वानने तू नावाच्या सरदाराला उगाच मारलं, तर तीन वर्षांनी ऐन शिकारीत हा मेलेला सरदार पांढऱ्या घोड्यांच्या रथातून लाल कपडे घालून आला आणि त्याने राजाला बाण मारला, आणि हे बरोबरच्या सगळ्यांनी पाहिलं म्हणे. पाहिलंय ना लोकांनी, मग खरं. नुसती 'खूप लोकांनी पाहिलंय' ही कसोटी किती पोकळ असते ते यावरून कळावं. गणपती दूध पिताना 1995 साली आपल्याकडेही खूप लोकांनी पाहिला होता.

त्याच्या नंतरच्या चेल्यांनी मात्र ही गळती बऱ्यापैकी बुजवली. त्यांनी साधारण इ.स.पू. 300 च्या आसपास अगदी छोटी छोटी सूत्रं लिहिली. गंमत म्हणजे बऱ्याच सूत्रांचा साचा असा, की आधी एक विधान आणि लगेच 'याचं कारण अमुक'. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं याला महत्त्व नाही, कारण सांगा. आणि यातली आठेक सूत्रं फक्त सावली, प्रकाश आणि आरसे यांच्यावर आहेत, ज्यांच्या मी प्रेमात आहे.

एक सूत्र भोकातून पडणाऱ्या उलट्या प्रतिमेचं आहे. अंधाऱ्या खोलीच्या पत्र्याच्या शटरला खिळ्याएवढं भोक असेल आणि बाहेर टळटळीत ऊन, तर आतल्या भिंतीवर रस्ता उलटा दिसतो, रिक्षा चाकं वर करून पळताना दिसते. असं का? मोत्झूचे लोक म्हणतात, प्रकाश बाण सोडल्यासारखा जातो, म्हणजे सरळ. खालून आलेला वर जातो, वरून आलेला खाली. पाय खालचा प्रकाश अडवतात म्हणून त्यांची सावली वर पडते, डोकं वरचा प्रकाश अडवतं म्हणून त्याची सावली खाली. आणि हे का घडतं, तर सगळे किरण जिथे एकमेकांना छेदतात तिथे एक बिंदू आहे. बस, संपलं सूत्र. यात देव नाही, यिन-यांग नाही, काही नाही. सरळ रेषा आणि छेदनबिंदू. शाळेत आपण जी आकृती काढतो ती त्यांनी शब्दांत काढली.

याच्यावर पुढचं गणित सोपं आहे. प्रतिमेची उंची म्हणजे माणसाची उंची गुणिले भोकापासून भिंतीचं अंतर भागिले भोकापासून माणसाचं अंतर. 165 सेंटीमीटरचा माणूस 5 मीटरवर आणि भिंत 1 मीटरवर, तर भिंतीवर 33 सेंटीमीटरचा उलटा बुवा. कौलारू घरात जमिनीवर पडणारे कवडसे आठवा. कौलांमधली फट वेडीवाकडी असते तरी कवडसा गोल (सूर्य कलला की लांबट गोल) पडतो, कारण तो फटीचा आकार नाहीच, ती सूर्याची प्रतिमा आहे. सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण 108 पट, म्हणून फट 3 मीटर उंच आणि सूर्य डोक्यावर असेल तर कवडसा अंदाजे पावणेतीन सेंटीमीटरचा. फट त्याहून बरीच लहान हवी, एवढीच अट. म्हणूनच सूर्यग्रहणात झाडाखाली सूर्याच्या शेकडो कोरी पडलेल्या दिसतात.

मग भोक जितकं बारीक तितकं चित्र स्पष्ट का? एका हद्दीपर्यंतच. मोठ्या भोकातून प्रत्येक बिंदूचा एक ठिपका होतो आणि ठिपके एकमेकांवर चढून चित्र धूसर होतं, पण भोक फारच लहान केलं की प्रकाश लहरीसारखा कडेला वळून पसरायला लागतो आणि चित्र पुन्हा पुसट होतं. मधला बरा भोकाचा व्यास म्हणजे भोकापासून पडद्याचं अंतर गुणिले तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले साधारण 1.9. 20 सेंटीमीटरच्या खोक्याला हिरव्या प्रकाशाची 550 नॅनोमीटर तरंगलांबी धरली तर 0.63 मिलीमीटर येतं. गणिताचा कंटाळा असेल तर हे सोडा आणि अगदी बारीक सुईने भोक पाडा. मोत्झूच्या चेल्यांकडे यातलं काहीही नव्हतं हे मात्र लक्षात ठेवा. तरंग नाही, गुणोत्तराचं सूत्र नाही, भिंग नाही.

अजून एक सूत्र मला फार आवडतं. सावली हलत नाही, कारण ती नव्याने घडते. पक्षी उडतो तेव्हा त्याची सावली जमिनीवरून सरकते असं आपल्याला वाटतं, पण सरकायला ती वस्तू आहे कुठे? जिथे प्रकाश पोचला तिथली सावली संपली, पुढच्या जागी दुसरी झाली. वाचून दोन मिनिटं मी गप्प बसलो होतो.

हे जगात सगळ्यात पहिलं का, तर त्या वादात पडू नका. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात चौकोनी भोकातून ऊन गोल का पडतं हा प्रश्न येतो, ग्रहणातल्या कोरींचाही येतो. काळ जवळपास तोच. फरक एवढाच की तिथे प्रश्नावर बरीच ओढाताण आहे आणि इथे छेदनबिंदू हे नेमकं उत्तर आहे. पुरं स्पष्टीकरण यायला अकराव्या शतकातला अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यावा लागला.

मग या विद्येचं चीनमध्ये पुढे काय झालं? इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्याने सगळ्यांना गिळलं, लढणारी राज्यंच राहिली नाहीत तर तट वाचवणाऱ्यांना विचारतो कोण, आणि नंतर हान घराण्याने कन्फ्यूशियसला डोक्यावर घेतलं. पंथ मेला. ग्रंथ कसाबसा उरला, 71 पैकी 53 प्रकरणं, तीही ताओपंथीयांच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिली म्हणून. त्यात सूत्रांचे वाईट हाल झाले. मुळात ती दोन आडव्या ओळींत होती, वरची ओळ पूर्ण वाचून मग खालची वाचायची. पण नकलाकारांनी वरचं एक सूत्र, खालचं एक सूत्र असं सलग उतरवलं, म्हणजे पेपरमधल्या शेजारशेजारच्या दोन बातम्या एक ओळ हिची एक ओळ तिची अशा वाचाव्यात तसं झालं. शेकडो वर्षं पंडितांनी डोकं आपटलं असणार. आणि किल्ली मजकुरातच होती, मधेच चार-पाच शब्दांची एक सूचना की हे आडवं वाचा. 1783 साली बी युआन नावाच्या अधिकाऱ्याने ती सूचना मनावर घेतली, दोन ओळी वेगळ्या करून छापल्या, आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुन यीरांगने सगळ्या ग्रंथावर टीका लिहिल्यावर लोकांना अर्थ लागायला लागला. तरी काही अक्षरं गेलीच आहेत, अंतर्गोल आरशाच्या सूत्रावर अभ्यासकांची अजूनही हमरीतुमरी चालते, आणि ज्याला चिनी भाषा आणि भौतिकशास्त्र दोन्ही नीट येतं अशा माणसाला तिथे अजून भरपूर काम आहे.